पृथ्वी आणि युरेनस सोडून

जिना रंगवायचं ठरलं त्या सभेला मापकाका नव्हते. त्यांना ते कळलं पत्रपेट्यांच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावरून. 'तळमजला ते आठवा मजला, सर्व भिंतींना एकच रंग, सायीचा. सहकार्य अपेक्षित.' कागद वाकडा चिकटवला होता. मापकाकांनी आधी तो काढून सरळ केला आणि मग त्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरला.

मापकाका एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते, म्हणून अख्खी इमारत त्यांना मापकाका म्हणायची. पाच ग्रॅमचा फरक निघाला म्हणून त्यांनी स्वतःच्या साडूचा काटा जप्त केला होता. साडू अजून त्यांच्याशी बोलत नाही आणि मापकाकांना त्याचं वाईटही वाटत नाही, कारण फरक होताच. त्यांची बायको शाळेत शिकवायची. तिला सगळे बाई म्हणायचे. मापकाका तिला 'अगं' म्हणायचे. चार महिन्यांपूर्वी बाई गेल्या, आणि तेव्हापासून त्या घरात 'अगं' हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.

तर जिन्यात बाईंचे ग्रह होते. सहा वर्षांपूर्वी लिफ्ट अकरा आठवडे बंद पडली होती. चढताना पोरं रडायची, म्हणून बाईंनी प्रत्येक मजल्याच्या चौकात भिंतीवर एकेक ग्रह रंगवला. पहिल्यावर बुध, दुसऱ्यावर शुक्र, तिसऱ्यावर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या दारासमोर, पृथ्वी, आणि असं करत आठव्यावर नेपच्यून. खाली पत्रपेट्यांच्या वर त्यांनी गोल, शाळेतल्या अक्षरात एक वाक्य लिहिलं होतं: 'या जिन्यातल्या सगळ्या ग्रहांना इंग्रजीत रोमन देवांची नावं आहेत, आणि या रोमन देवांच्या गोष्टी मूळ ग्रीक देवांच्या आहेत.' लिफ्ट दुरुस्त झाली. मग ग्रहांकडे बघायला कुणाला वेळ उरला नाही. मापकाका मात्र चार महिने जिन्यानंच ये-जा करत होते. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय असं ते म्हणायचे. डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं.

ते सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी पाचव्या मजल्यावर राहायचे. सेवानिवृत्तीनंतर माणसाला घरात कुणी विचारत नाही तेव्हा माणूस जितका कार्यतत्पर होतो, तितके ते कार्यतत्पर होते.

"काका, तुमच्या भावना मी समजतो," ते म्हणाले. "बाई म्हणजे देवमाणूस. पण नियम क्रमांक चौदा. सामाईक भिंतीवर चित्रं चालत नाहीत."

"सहा वर्षं चालली."

"कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ना. आता ठराव झालाय. ठराव झाला की लक्षात येतं."

नियमाशी भांडायची मापकाकांना सवय नव्हती. आयुष्यभर ते नियमाच्या बाजूनं बसले होते. सेक्रेटरींनाही त्यांची दया आली असावी. त्यांनी नियमांची वही उघडली.

"एक वाट आहे. माहितीफलक चालतो. चित्र नाही, माहितीफलक. पण माहिती पुरेशी हवी, आणि ती बरोबर असल्याची जाणकाराची सही हवी. ते आग लागल्यावर बाहेर पडायच्या बाणाचं माहितीये ना तुम्हाला?"

माहीत होतं. तो बाण उलटा लागला होता आणि सरावाच्या दिवशी तेवीस माणसं ओळीनं पंपाच्या खोलीत जाऊन उभी राहिली होती. तेव्हापासून इमारतीत सहीशिवाय फलक लागत नसे.

म्हणजे चित्रं वाचवायची तर त्यांना माहिती जोडायची. मापकाकांना हे पटलं. त्यांनी बाईंच्या कपाटातली पुस्तकं काढली, वाचनालयातून आणखी तीन आणली आणि सतरा दिवस खाली मान घालून वाचत बसले. गोष्टी वाचायची त्यांना सवय नव्हती. ते गोष्ट पंचनाम्यासारखी वाचत. कोण, कुठे, काय केलं, साक्षीदार कोण. रोमनांचा मार्स म्हणजे ग्रीकांचा एरीस, व्हीनस म्हणजे अ‍ॅफ्रोडाइटी, ज्युपिटर म्हणजे झ्यूस. नाव बदललं, कारभार तोच. दुकान बंद करून शेजारच्या गल्लीत नव्या पाटीनं उघडणारे व्यापारी त्यांनी बरेच पाहिले होते, त्यामुळे यात त्यांना अवघड असं काही वाटलं नाही.

मग त्यांनी आठ जाड कागदांवर माहिती टंकलिखित करून घेतली आणि प्रत्येक ग्रहाखाली एक लावली. काही गाळलं नाही. अर्धी माहिती म्हणजे कमी वजन, हे त्यांचं मत होतं.

इथून पुढे जे झालं त्याला तेच जबाबदार होते, हे मान्य करायला हवं. सहा वर्षं लोक ज्या रंगीत गोळ्यांसमोरून दूध, भाजी आणि सायकली नेत होते, ते गोळे नेमके कोण आहेत हे त्यांना आता पहिल्यांदा कळलं.

पहिला आला पहिल्या मजल्यावरचा बॅगांचा व्यापारी. मर्क्युरी, ग्रीकांचा हर्मीस, हा प्रवाशांचा, व्यापाऱ्यांचा आणि चोरांचा देव आहे असं त्याच्या दारासमोर लिहिलं होतं.

"काका, देव चांगला आहे. आपली तक्रार नाही. पण व्यापारी आणि चोर एकमेकांना चिकटून नकोत. मध्ये प्रवाशांना बसवा."

मापकाकांनी ते केलं. माहितीत फरक पडत नव्हता. पण एकाचं ऐकलं की दुसऱ्याला बळ येतं. त्याच संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर आले. ते बराच वेळ उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"काका, राग मानू नका. व्हीनस, प्रेमाची देवता, इथपर्यंत ठीक आहे. पुढचं कशाला?"

"पुढचं काय?"

"ते, नवरा लंगडा लोहार, आणि तिचं मार्सशी जुळलं, आणि नवऱ्यानं दोघांना जाळ्यात पकडून सगळ्या देवांना बोलावून दाखवलं."

"पुस्तकात आहे."

"पुस्तकात असू दे. पुस्तक माझ्या दारासमोर नाही राहत." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "मार्स चौथ्या मजल्यावर आहे. चौथ्या मजल्यावर कोण राहतं?"

चौथ्या मजल्यावर व्यायामशाळेत शिकवणारा एक तरुण राहायचा. धिप्पाड, अविवाहित, आणि डॉक्टरांच्या बायकोकडे दात दाखवायला चार वेळा येऊन गेलेला. तीही दाताची डॉक्टरच होती. त्या तरुणाच्या दाताला खरंच कीड होती आणि तिनं ती काढली होती, याखेरीज त्यात काही नव्हतं. पण मापकाकांनी हे असंच्या असं सांगितल्यावर डॉक्टरांचा चेहरा आणखी उतरला.

"चार वेळा?" ते म्हणाले. "मला तीन माहीत होत्या."

सहाव्या मजल्यावर शनी होता, रोमनांचा सॅटर्न, म्हणजे ग्रीकांचा क्रोनस. पोरं मोठी होऊन आपल्याला गादीवरून खाली ओढतील या भीतीनं यानं आपली पोरं जन्मताच गिळली. सहाव्या मजल्यावर जुळी मुलं होती. त्यांची आजी तीन जिने उतरून आली आणि दारातच बसली.

"भाऊजी, तुम्ही शिकलेले. मला सांगा, मी काय करू? संध्याकाळी माझा मुलगा घरी येतो, म्हणतो, भूक लागली. की दोघं पलंगाखाली. काल जेवायला वाढलं तर धाकटा म्हणतो, आधी बाबांचं पोट भरू द्या."

"आजी, पुढे लिहिलंय ना. त्यानं नंतर सगळी परत बाहेर काढली."

"ते वाचूनच तर थोरला विचारतो, आत किती वर्षं राहायचं असतं."

आठव्या मजल्यावरून निरोप आला की पाण्याचा देव तुम्ही आमच्या डोक्यावर बसवलात आणि आमच्या नळाला मात्र पाणी चढत नाही, हा फलक आहे की टोमणा. आणि पाचव्या मजल्यावर स्वतः सेक्रेटरी. देवांचा राजा आपल्या दारासमोर आहे म्हणून ते दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं फलक शेवटपर्यंत वाचला. झ्यूस कधी बैल होऊन, कधी हंस होऊन कुठेकुठे जायचा, ते सगळं त्यात होतं. सेक्रेटरी सोसायटीच्या कामाला निघाले की त्या एवढंच विचारायच्या, "आज काय होऊन जाताय?"

मापकाकांना हे सगळं कुणाला तरी सांगावंसं वाटायचं. जिना चढताना ते मनात वाक्य जुळवत यायचे, कुलूप उघडायचे, आणि मग चपला काढून जागेवर ठेवायचे. दुसरं काही करण्यासारखं नसायचं. मुलीला फोनवर सांगितलं तर ती हसली आणि मग एकदम रडायला लागली. मग तिला समजावण्यात फोन संपला.

आता राहिली होती सही. जाणकार इमारतीतच होते. सातव्या मजल्यावर एक प्राध्यापक राहायचे, प्राचीन इतिहासाचे. एकटे. त्यांना कुणी काही विचारत नसे, कारण विचारलं की ते सांगत.

प्राध्यापक भिंग घेऊन आठव्या मजल्यापासून खाली उतरत आले. दोन तास लागले. मापकाका मागून स्टूल घेऊन चालत होते.

"फलक उत्तम," प्राध्यापक म्हणाले. "लोक म्हणतात, रोमनांनी देव उसने घेतले. तसं नाही. देव त्यांचे स्वतःचे होते, शेताचे, पेरणीचे, उंबऱ्याचे. पण मुके. ग्रीकांशी गाठ पडल्यावर त्यांना गोष्टी मिळाल्या. थोरल्याचे कपडे धाकट्याला घालावेत तशा. बाईंनी 'गोष्टी मूळ ग्रीक' असं लिहिलंय. नेमकं लिहिलंय."

मापकाका स्टूल खाली ठेवून त्यावर बसले.

"पण," प्राध्यापक म्हणाले.

ते 'सगळ्या' या शब्दावर भिंग धरून उभे होते.

"हे बरोबर नाही. युरेनस रोमन नव्हे, सरळ ग्रीक आहे. असं पाहा. मार्सचा बाप ज्युपिटर. ज्युपिटरचा बाप सॅटर्न. त्याच्या पलीकडे नवा ग्रह सापडला, तेव्हा ओळीनं सॅटर्नचा बाप हवा होता. रोमनांकडे त्या जागी एक देव होता, पण त्याला कुत्रंही ओळखत नव्हतं. म्हणून ग्रीकांचाच आजोबा आणून बसवला. आणि पृथ्वी. तिला तर इंग्रजीत कुणी देवाचं नाव दिलंच नाही. ती घरचीच. तेव्हा आठातले दोन गेले. 'सगळ्या'च्या जागी 'बहुतेक' करा, मी लगेच सही करतो."

युरेनसच्या फलकावर 'ग्रीक' असं मापकाकांनीच लिहिलं होतं, बाईंच्या ओळीशी ते ताडून मात्र पाहिलं नव्हतं. प्राध्यापकांचं बरोबर होतं. आठात दोन म्हणजे शेकडा पंचवीस. इतकी चूक असलेला काटा त्यांनी कधी हातात घेऊन दुसऱ्यांदा बघितलाही नसता.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, एक शब्द तर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या रंगाचा डबा, बारीक ब्रश आणि स्टूल घेऊन ते पत्रपेट्यांसमोर बसले. जाणारा-येणारा थांबून सल्ला देत होता. बॅगवाला म्हणाला, आधी काचकागद मारा. डॉक्टर म्हणाले, वर पट्टी चिकटवा, खरवडू नका, खरवडलं की कायमचं जातं. आजी म्हणाल्या, पुढे एक कुंडी ठेवा, कोण बघतंय. मापकाका सगळ्यांना "हो" म्हणत होते आणि ब्रश कोरडाच होता.

त्यांना अडवत होतं ते वेगळंच. चौतीस वर्षं त्यांनी बाईंच्या चुका काढल्या होत्या. त्या म्हणायच्या, साडेसातला निघू. ते म्हणायचे, सात अठ्ठावीसला. त्या पाहुण्यांना म्हणायच्या, वीसेक माणसं होती. ते आतून ओरडायचे, सतरा. बाई हसायच्या आणि म्हणायच्या, "सतरा हो, सतरा." त्या कधी तपासून मागायच्या नाहीत, कारण न मागता तपासून मिळायचं.

फक्त एकदा मागितलं होतं. हे वाक्य. भिंतीवर लिहायच्या आधी बाई कागद घेऊन आल्या होत्या. "अहो, हे एवढं बरोबर आहे का बघता? एकदा लिहिलं की राहणार आहे." मापकाका तेव्हा निवृत्तीचे कागद भरत होते. त्यांनी मान वर केली नाही. "बरोबर असेल," ते म्हणाले होते. आणि बाईंनी ते लिहून टाकलं होतं, कारण या माणसानं बरोबर म्हटलं म्हणजे बरोबरच असणार.

एकतीस वर्षांत न तपासता शिक्का मारलेली ती एकच वस्तू होती.

दुपारपर्यंत ते तिथे बसून राहिले. मग पांढरा डबा त्यांनी बंद केला, खिशातून काळं पेन काढलं आणि बाईंच्या ओळीच्या खाली, अगदी लागून, बारीक सरकारी अक्षरात लिहिलं: 'पृथ्वी आणि युरेनस सोडून. तपासताना राहिलं. चूक तपासणाऱ्याची.' खाली सही आणि तारीख.

प्राध्यापकांनी ते भिंगातून वाचलं. "असं पाठ्यपुस्तकात करत नाहीत," ते म्हणाले. मग चष्मा पुसला आणि दाखल्यावर सही केली.

सभा रविवारी झाली. मापकाकांनी दाखला टेबलावर ठेवला, तो सगळ्यांच्या हातातून फिरला आणि कुणी त्यात खोट काढली नाही. पुढे काय होणार हे मापकाकांना ठाऊक होतं. कागद पुरे असले की काम होतं. यावर त्यांचं सगळं आयुष्य उभं होतं.

"म्हणजे हे सगळं खरं आहे," डॉक्टर म्हणाले.

"सही आहे ना," सेक्रेटरी म्हणाले.

"तीच अडचण आहे. सही नव्हती तोवर मी घरी म्हणू शकत होतो, काकांनी काहीतरी लिहिलंय. आता कोण ऐकणार माझं?"

"आमच्या पोरांना काय सांगू?" आजी म्हणाल्या. "प्राध्यापकांनी सही केलीये की बाप खातो?"

मापकाका उभे राहिले. "मी सगळे फलक काढतो. नुसती चित्रं राहू द्या."

"नुसती चित्रं नियमात बसत नाहीत, काका," सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "आणि फलक काढले तरी, आता सगळ्यांना माहीत झालंय ना."

शेवटी लोकशाही मार्ग निघाला. ज्या मजल्याचा ग्रह, त्या मजल्यानं ठरवावं. ग्रह पुसायच्या बाजूनं हात वर झाले आणि खाली आले. बॅगवाल्यानं मापकाकांकडे बघणं टाळलं. व्यायामशाळेचा तरुण म्हणाला, "मला मार्स आवडतो, पण मला भाड्याची जागा टिकवायचीये." सेक्रेटरींनी बायकोकडे बघून हात वर केला. सहा ग्रह गेले. सातव्या मजल्याचे प्राध्यापक म्हणाले, माझ्या दारासमोरून युरेनस हलणार नाही. तळमजल्याच्या ओळीला दाखला होता आणि ती कुठल्याच मजल्याची नव्हती, म्हणून ती राहिली. आणि तिसरा मजला मापकाकांचा होता.

रंगारी आठव्या मजल्यावरून खाली येत गेला. मापकाका प्रत्येक चौकात त्याच्यामागे उभे राहिले. कुणीतरी हजर असायला हवं, असं त्यांना वाटलं. नेपच्यून एका हातात गेला. शनीचं कडं ओल्या रंगातून दिसत राहिलं, वाळल्यावर गेलं. मंगळाला तीन हात लागले. "तांबडा भारी वापरलाय बाईंनी," रंगारी म्हणाला. "असा आता मिळत नाही." शुक्राच्या वेळी डॉक्टरांनी दार किलकिलं करून बघितलं आणि परत लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी रंगारी तळमजल्यावर पोचला. प्राध्यापकही खाली आले होते. ते वाक्य वाचत बराच वेळ उभे राहिले.

"मापकाका, वाईट वाटून घेऊ नका. पण आता जिन्यात दोनच ग्रह आहेत."

"हो."

"पृथ्वी आणि युरेनस."

"हो."

"आणि वाक्य म्हणतंय, पृथ्वी आणि युरेनस सोडून सगळे. म्हणजे हे आता कशालाच लागू होत नाही. तुम्हीच काय म्हणाल अशा गोष्टीला?"

"बाद म्हणेन," मापकाका म्हणाले. "राहू द्या."

प्राध्यापक जिन्यानं वर निघून गेले. लिफ्ट चालू होती तरी.

रंगाऱ्यानं भिंतीवर हात फिरवला. "वरची ओळ बाईंची?"

"हो."

"आणि ही किडामुंगी?"

"माझी."

"बाजूबाजूनं रंग लावून घेतो. पण काका, दोन्हींच्या मध्ये ब्रश जात नाहीये. फार जवळ लिहिलंत."

मापकाकांनी वाकून बघितलं. खरंच जात नव्हता.

"मग मधली भिंत जुनीच ठेवा," ते म्हणाले, आणि त्याचा ओला ब्रश चुकून अक्षरांना लागू नये म्हणून स्टूल ओढून शेजारी बसले.